आडनावाच्या जागी व्हायोलिन : व्हेनिसच्या अनाथालयातील वाद्यशिक्षणाची गोष्ट

अठराव्या शतकातील व्हेनिसच्या एका अनाथालयाच्या दप्तरात मुलींची नावे विलक्षण रीतीने लिहिलेली आढळतात. अन्ना मारिया दाल व्हिओलिन. पेलेग्रीना दाल ओबोए. प्रुदेन्त्सा दाल कोंत्राल्तो. आधी नाव, आणि आडनावाच्या जागी वाद्य किंवा आवाजाची जात.

आपल्याकडे बीनकार, पखवाजी, सारंगिये अशी ओळख घराण्यातून चालत येई. बाप बीनकार म्हणून मुलगा बीनकार. व्हेनिसमध्ये नेमके उलटे घडले होते. या मुलींना बाप ठाऊक नव्हता, म्हणून आडनाव नव्हते, आणि आडनाव नव्हते म्हणून ती जागा वाद्याने भरून काढली. युरोपातील उत्तमोत्तम वादकांत ज्यांची गणना झाली, त्या स्त्रियांची ही नोंद आहे. त्यांना घडवणारी शाळा संगीतशाळा म्हणून सुरूच झालेली नव्हती. हा धागा त्या शाळेविषयी, तेथील तालमीविषयी आणि त्या तालमीच्या मोबदल्यात मुलींकडून काय घेतले गेले याविषयी आहे.

व्हेनिस हे बंदराचे शहर. व्यापारी, खलाशी, सैनिक, गुलाम, यात्रेकरू यांची अखंड ये-जा. अशा शहरात टाकून दिलेल्या अर्भकांची संख्या मोठी असे. १३४६ मध्ये असिसीच्या पिएत्रो नावाच्या फ्रान्सिस्कन साधूने या अर्भकांसाठी आश्रय उभारला. ‘पिएता, पिएता’, म्हणजे ‘दया करा’, अशी हाळी देत तो गल्लोगल्ली भिक्षा मागे, म्हणून आश्रयाचे नावही पिएता पडले. पुढे समुद्रकाठच्या रीवा देल्यी स्क्याव्होनी या धक्क्यावर संस्थेने आपला मोठा वाडा थाटला. ती आजही त्याच परिसरात आहे.

अर्भक सोडण्यासाठी भिंतीत एक कोनाडा होता, त्याला ‘स्काफेत्ता’ म्हणत. रात्रीच्या अंधारात कोणीतरी येई, मूल आत ठेवी आणि निघून जाई. आतील बाई मूल उचलून घेई आणि वहीत त्याची नोंद होई. कित्येकदा मुलाच्या कपड्यांत अर्धे तोडलेले पदक किंवा नाणे सापडे. दुसरा अर्धा भाग आईजवळ राहिलेला असे. कधी काळी परिस्थिती पालटली तर दोन अर्धे जुळवून मूल ओळखता यावे, ही त्यामागची आशा. बहुतेक अर्धी पदके तशीच अर्धी राहिली. ऐपत असूनही कोनाड्यात मूल सोडणाऱ्यांवर धर्मशापाची धमकी देणारी १५४८ ची एक शिला आजही पिएताच्या भिंतीवर वाचता येते. गरजू नसलेले लोकही आपल्या अनौरस संततीची वाट अशी लावत असले पाहिजेत, नाहीतर अशी शिला कोरण्याचे कारण काय?

पिएता एकटी नव्हती. अशा चार संस्था व्हेनिसमध्ये होत्या आणि त्यांना ‘ओस्पेदाले’ म्हणत. पिएता टाकून दिलेल्या अर्भकांसाठी, मेंदिकांती भिकारी व निराधारांसाठी, इंकुराबिली असाध्य रोगांनी ग्रासलेल्यांसाठी आणि देरेलित्ती अन्नान्नदशेला आलेल्यांसाठी. रुग्णालय, धर्मशाळा आणि अनाथालय यांचे हे मिश्रण होते. चारही ठिकाणी मुलींना संगीत शिकवले जाई. वाद्यवृंदाची कीर्ती मात्र सर्वांत अधिक पिएताची.

मुलगे थोडे मोठे झाले की एखादी कारागिरी शिकायला बाहेर पाठवले जात. मुली आतच राहत आणि त्यांचे दोन वर्ग पडत. बहुसंख्य मुली ‘फील्ये दी कोमून’, म्हणजे सर्वसाधारण मुली. शिवण, लेस विणणे, सूत कातणे, स्वयंपाक, रुग्णांची शुश्रूषा ही त्यांची कामे. ज्यांच्या गळ्यात किंवा हातात गुण दिसे अशा थोड्या मुली ‘फील्ये दी कोरो’, म्हणजे वृंदातील मुली. शेकडो मुलींतून साधारण चाळीस ते साठ जणींच्या वाट्याला हे भाग्य येई. भाग्य हा शब्द येथे जपूनच वापरायला हवा, पण जेवणखाण, सवलती आणि प्रतिष्ठा या दृष्टीने दोन वर्गांतील अंतर खरोखर मोठे होते.

अनाथ मुलींना व्हायोलिन शिकवण्याचे कारण काय? केवळ दया म्हणावी तर शिवणकाम पुरेसे होते. मूळ कारण उपासनेचे : संस्थेच्या देवळात प्रार्थना गायला कोणीतरी हवे. परंतु सुरेल प्रार्थना ऐकायला लोक जमू लागले, तेव्हा संस्थेच्या कारभाऱ्यांना दुसरे कारणही सापडले. शनिवारी, रविवारी आणि सणावारी सायंप्रार्थनेला देवळात गर्दी होई. बसायच्या खुर्च्या भाड्याने दिल्या जात. ऐकून भारावलेले धनिक मृत्युपत्रात संस्थेसाठी काही ठेवून जात. कारभारी व्हेनिसच्या सरदार व व्यापारी घराण्यांतले होते, हिशेबाला पक्के होते. संगीतावर केलेला खर्च दामदुपटीने परत येतो हे त्यांनी ओळखले आणि त्यासाठी उत्तम शिक्षक नेमले, वाद्ये घेतली, तारा पुरवल्या.

शिक्षणाची रचना पाहिली की ही शाळा किती विचारपूर्वक चालत होती ते कळते. लहान मुलीला आधी स्वरवाचन शिकवले जाई. कागदावरील स्वर पाहताक्षणी गाता आला पाहिजे, मग वाद्य हाती. एकच वाद्य शिकून भागत नसे. अन्ना मारिया व्हायोलिनसाठी विख्यात होती, पण चेलो, ल्यूट, मँडोलिन, हार्पसिकॉर्ड आणि व्हियोला द’आमोरे हीदेखील ती वाजवी. यामागे व्यवहार होता. वृंद लहान, बाहेरून वादक आणायची सोय नाही, तेव्हा एखादी आजारी पडली तर तिची जागा दुसरीने घ्यायलाच हवी. स्वरलेखनाच्या प्रती उतरवून काढणे हेदेखील मुलींच्याच कामांत होते.

मुख्य म्हणजे, रोजची तालीम बव्हंशी मुलींनीच मुलींना दिलेली असे. नवशिक्या मुलगी एखाद्या थोरल्या वादिकेच्या हाताखाली बसे. अनुभवाने ती वृंदात स्थिरावे, पुढे तिला बाहेरच्या शुल्क देणाऱ्या विद्यार्थिनींना शिकवण्याची मुभा मिळे आणि अखेरीस काही जणी ‘माएस्त्रा’, म्हणजे गुरू होत. प्रतिष्ठित घराण्यांतील मुलीही शुल्क भरून येथे शिकायला राहत. म्हणजे ज्यांना बापाचे नाव नव्हते त्या सरदारांच्या लेकींना विद्या देत होत्या. बाहेरून नेमलेले पुरुष शिक्षक होते, पण ते वरच्या पायरीवर. वृंदासाठी नव्या रचना करणे, अवघड भाग बसवून घेणे, वाद्ये व तारा निवडणे हे त्यांचे काम.

अशाच एका बाहेरच्या शिक्षकामुळे पिएताचे नाव आज जगाला ठाऊक आहे. सप्टेंबर १७०३ मध्ये पंचविशीतला एक तांबड्या केसांचा पाद्री वर्षाला ६० दुकात पगारावर व्हायोलिनशिक्षक म्हणून रुजू झाला. त्याच वर्षी मार्चमध्ये त्याला धर्मदीक्षा मिळाली होती. नाव आंतोनिओ विवाल्दी. वर्षभरात आणखी एका तंतुवाद्याचे शिक्षण त्याच्याकडे सोपवले गेले आणि पगार १०० दुकात झाला.

विवाल्दीचे चरित्र लिहिणारे पिएताकडे त्याची नोकरी म्हणून पाहतात. पिएताच्या दप्तरातून पाहिले तर विवाल्दी हा त्या संस्थेचा एक कंत्राटी नोकर दिसतो, आणि तोही दरवर्षी मतदानाला सामोरा जाणारा. कारभारी मंडळ शिक्षकांच्या नेमणुकांवर गुप्त मतदान करी. फेब्रुवारी १७०९ मध्ये विवाल्दी ७ विरुद्ध ६ मतांनी नोकरीतून गेला. त्याच्या वागण्यात दोष होता की काय, याची चर्चा पुष्कळ झाली आहे. त्याहून पटण्याजोगा एक तर्क असा की, तोवर थोरल्या मुलीच इतक्या तयार झाल्या होत्या की काटकसरी कारभाऱ्यांना बाहेरच्या शिक्षकाचा पगार वाचवता येईल असे वाटले. शिक्षकाने शिकवावे आणि त्यातून स्वतःच अनावश्यक व्हावे, हा शिक्षकाचा गौरवच, पण पोटावर पाय देणारा. १७११ मध्ये मंडळाने त्याला एकमताने परत बोलावले.

१७२३ चा करार तर एखाद्या गिरणीच्या कंत्राटासारखा वाचता येतो. विवाल्दीने दरमहा दोन कॉन्चेर्तो द्यावेत, प्रत्येकी एक सेक्वीन मोबदला मिळेल. तो व्हेनिसमध्ये असेल तेव्हा प्रत्येक रचनेच्या तीन किंवा चार तालमी त्याने स्वतः घ्याव्यात. प्रवासात असला तर रचना टपालाने पाठवाव्यात, मात्र टपालखर्च संस्थेवर पडू नये! पुढील काही वर्षांत या हिशेबाने संस्थेने त्याच्याकडून शंभराहून अधिक कॉन्चेर्तो विकत घेतले.

येथे एक क्षण थांबून कॉन्चेर्तो म्हणजे काय ते पाहायला हवे. एक वादक पुढे, बाकीचा वृंद मागे. वृंद मुखड्यासारखा एक भाग पुन्हा पुन्हा वाजवतो आणि मधल्या जागांत एकल वादक आपले कसब दाखवतो. शिक्षणाच्या दृष्टीने हा साचा फार सोयीचा आहे. मागच्या वृंदाचा भाग तुलनेने सोपा, तो नवशिक्या व मध्यम तयारीच्या मुली वाजवू शकतात. पुढचा अवघड भाग सर्वांत तयार वादिकेसाठी. एकाच रचनेत सगळी शाळा सामावते, आणि मागे बसलेली मुलगी रोज तासन्‌तास पुढचीला जवळून ऐकत राहते. विवाल्दीने व्हायोलिनखेरीज चेलो, ओबो, बासरी, बसून, मँडोलिन अशा नाना वाद्यांसाठी कॉन्चेर्तो लिहिले. बसूनसारख्या बोजड वाद्यासाठी तर तीसहून अधिक. एखाद्या संगीतकाराला अशी लहर का यावी, याचे उत्तर शोधताना पिएताच्या वाद्यांच्या कोठाराकडे पाहणे फायद्याचे ठरते. जेथे हरतऱ्हेचे वाद्य आणि ते वाजवणारी मुलगी हजर आहे, तेथे लिहिणाऱ्याला काहीही करून पाहता येते.

१७१६ मध्ये त्याने पिएतासाठी ‘युदिथा त्रिउम्फान्स’ हे धर्मनाट्य रचले. कोर्फू बेटावरचा ऑटोमनांचा वेढा उठल्याच्या विजयाचा त्याला संदर्भ होता. सेनापती होलोफर्निससकट सर्व पुरुषपात्रे मुलींनीच गायली. साथीला थिओर्बो, मँडोलिन, व्हियोला द’आमोरे, शालुमो अशी वाद्ये एकामागून एक येतात. जणू शाळेने आपले सगळे शस्त्रागार एकाच दिवशी मांडून दाखवले.

अन्ना मारियाच्या नावाची एक वही व्हेनिसच्या संगीतविद्यालयाच्या संग्रहात टिकून आहे. तिच्यात एकतीस व्हायोलिन कॉन्चेर्तोंचा तिच्या वाट्याचा भाग उतरवलेला आहे, आणि त्यांतील बहुतेक विवाल्दीचे. वृंदाचा भाग त्यात नाही, फक्त तिचा. त्या वहीतील अवघड जागा पाहिल्या की विवाल्दीने कोणाच्या बोटांवर भरवसा ठेवून लिहिले असेल ते वेगळे सांगावे लागत नाही. ही स्त्री पिएतात वाढली, पिएतात शिकली, तेथेच माएस्त्रा झाली आणि १७८२ मध्ये, ऐंशी ओलांडल्यावर, तेथेच वारली. तिला नवे वाद्यगुरू मिळाले, शिष्या मिळाल्या, कीर्ती मिळाली. तिचा चेहरा मात्र श्रोत्यांपैकी फारच थोड्यांनी नीट पाहिला असेल.

कारण वृंद बसे तो वरच्या सज्ज्यात, लोखंडी जाळीमागे. खाली श्रोते, वर सूर. देवळात टाळ्या वाजवायला मनाई, म्हणून दाद द्यायची ती खोकून, पाय घासून, नाक शिंकरून! एखादा उत्कृष्ट तुकडा संपल्यावर सबंध देऊळ पडसे झाल्यासारखे खोकू लागे. नवख्या प्रवाशाला काही उमगत नसे.

आणि प्रवासी तर येतच होते. युरोपदर्शनाला निघालेल्या श्रीमंत तरुणांच्या यादीत व्हेनिसचे ओस्पेदाले ठरलेले असत. चिमाजीअप्पांनी वसई जिंकली त्याच १७३९ साली शार्ल द ब्रॉस हा फ्रेंच गृहस्थ व्हेनिसला आला. या मुली व्हायोलिन, बासरी, ऑर्गन, ओबो, चेलो, बसून सारे वाजवतात आणि कितीही मोठे वाद्य असले तरी त्यांना त्याचे भय वाटत नाही, असे त्याने कौतुकाने लिहून ठेवले. वाद्यवृंदाच्या सफाईत पिएता पहिली, हा त्याचा निर्वाळा. ओबो-बसूनसारखी फुंकून वाजवायची वाद्ये त्या काळच्या युरोपात स्त्रियांना अशोभनीय मानली जात. गाल फुगतात, तोंड वेडेवाकडे होते, हा आक्षेप. जाळीमागे ती अडचण आपोआप सुटली होती. ज्या जाळीने मुलींना झाकले तिनेच त्यांना वाद्ये निवडायची मोकळीकही दिली, हा या इतिहासातला एक विचित्र व्यवहार आहे.

चार-पाच वर्षांनी रूसो आला. तेव्हा तो व्हेनिसमधील फ्रेंच वकिलातीत सचिव होता. मेंदिकांतीच्या मुलींचे गाणे ऐकून त्याने जाळीमागच्या अप्सरांची चित्रे मनात रंगवली आणि ओळख काढून भेटही मिळवली. आत एकीला एक डोळा नव्हता, दुसरीचा चेहरा देवीच्या व्रणांनी भरलेला होता. रूसोचा हिरमोड झाला, पण त्यांच्याशी बोलल्यावर आणि पुन्हा गाणे ऐकल्यावर त्या त्याला सुंदरच वाटू लागल्या, असे तो आत्मचरित्रात सांगतो. हा प्रसंग बहुधा गमतीने उद्धृत होतो. मुलींच्या बाजूने तो कोणी लिहून ठेवलेला नाही.

आता त्या किमतीविषयी. वृंदातील मुलीला लग्न करायचे असेल तर कारभारी मंडळाची संमती लागे. संमती मिळाली तर संस्था हुंडाही देई, पण अट असे की लग्नानंतर तिने सार्वजनिक ठिकाणी गायचे-वाजवायचे नाही. संस्थेच्या दृष्टीने अट तर्कशुद्ध होती. वर्षानुवर्षे पैसा ओतून तयार केलेली वादिका उद्या नाटकगृहात वाजवू लागली, तर जाळीपुढच्या खुर्च्या कोण भाड्याने घेईल? अशा रीतीने मुलीपुढे दोन दारे राहत : घर हवे तर व्हायोलिन ठेवून द्यायचे, व्हायोलिन हवे तर भिंतीआड म्हातारे व्हायचे. अनेक जणींनी दुसरे दार निवडले. त्यांना आपण दयनीय समजू नये. आत पगारवजा मोबदला होता, अधिकार होता, उतारवयात आधार होता, आणि रोज हाती वाद्य होते. त्या काळच्या किती विवाहित स्त्रियांना एवढे लाभले? तरीही दार दोनच होती, आणि ती त्यांनी बांधलेली नव्हती.

एका मुलीने तिसरे दार शोधले. तिची गोष्ट सांगितल्याशिवाय हा धागा अपुरा राहील.

माद्दालेना लोम्बार्दीनी, जन्म १७४५. ही अनाथ नव्हती, परिस्थिती खालावलेल्या घरची होती. १७५३ मध्ये, सात वर्षांची असताना, परीक्षा घेऊन तिला मेंदिकांतीत प्रवेश मिळाला. व्हायोलिनवरचा तिचा हात पाहून संस्थेने तिची गाठ पादुआच्या जुझेप्पे तार्तीनीशी घालून दिली. तार्तीनी म्हणजे त्या काळातील व्हायोलिनचा सर्वांत मोठा आचार्य, दूरदूरच्या देशांतून शिष्य त्याच्याकडे येत. वयाची साठी केव्हाच उलटलेली.

५ मार्च १७६० रोजी तार्तीनीने या चौदा वर्षांच्या मुलीला पत्र लिहिले. (इकडे दख्खनेत त्याच महिन्यात सदाशिवरावभाऊ उत्तरेच्या मोहिमेवर निघाले होते. पानिपत अजून दहा महिने दूर होते.) हे पत्र वाद्यशिक्षणाच्या इतिहासातील एक अमोल दस्तऐवज आहे, कारण त्यात मोठमोठे सिद्धान्त नाहीत. उद्या सकाळी उठून काय करायचे एवढेच त्यात सांगितले आहे.

पहिला धडा गजाचा. गज तारेला टेकतो तो क्षण श्वासासारखा हलका हवा, आघात झाल्याचे जाणवताही कामा नये. मग मोकळ्या तारेवर एकच दीर्घ स्वर घ्यायचा, ऐकू येईल न येईल इतक्या बारीक आवाजात सुरुवात करून हळूहळू पूर्ण भरापर्यंत वाढवायचा. गज खाली ओढताना आणि वर नेताना, दोन्ही वेळी. हे रोज किमान तासभर, थोडे सकाळी, थोडे संध्याकाळी. आपल्याकडे पहाटे खर्ज लावणाऱ्या कोणालाही या सूचनेत काही परके वाटणार नाही.

त्यानंतर कोरेल्लीच्या पाचव्या संग्रहातील जलद भाग घ्यायचे, स्वर एकमेकांपासून सुटे ठेवून, आधी गजाच्या टोकाशी, मग टोक आणि मध्य यांच्या दरम्यान, मग मध्यावर, आणि वेग रोज थोडा वाढवायचा. मग डावा हात : पट्टीवर हाताच्या जागा बदलत वाचनाचा सराव. शेवटी ट्रिल, म्हणजे शेजारच्या दोन स्वरांवर बोट झरझर नाचवणे. तेही अतिसंथ गतीपासून सुरू करून.

हे पत्र तार्तीनीच्या मृत्यूच्या वर्षी, १७७० मध्ये, छापले गेले. पुढच्याच वर्षी चार्ल्स बर्नी या संगीत-इतिहासकाराने त्याचे इंग्रजी भाषांतर केले. एका अनाथालयातील मुलीसाठी लिहिलेला गृहपाठ युरोपभरच्या व्हायोलिनवादकांनी वाचला, आणि आजही शिक्षक त्याचा आधार घेतात.

माद्दालेना स्वतः तोवर कुठे होती? १७६७ मध्ये तिने संस्थेची परवानगी मिळवून लोदोव्हीको सिर्मेन या व्हायोलिनवादकाशी लग्न केले आणि नवऱ्याबरोबर व्हेनिस सोडले. दुसऱ्याच वर्षी पॅरिसच्या ‘कॉन्सेर स्पिरिट्युएल’ या नामांकित सभेत दोघे एकत्र वाजवायला उभे राहिले. १७७१ मध्ये ती लंडनमध्ये होती. आता मध्ये जाळी नव्हती. तिच्या रचनाही छापल्या गेल्या : तंतुवाद्यांची चौकडी, त्रिकुटे, व्हायोलिनचे कॉन्चेर्तो. तिचा एक कॉन्चेर्तो ऐकून लिओपोल्ड मोझार्टने, म्हणजे वोल्फगांगच्या वडिलांनी, घरच्या पत्रात त्याची स्तुती केली. पुढे तिने गायिका म्हणूनही नशीब आजमावले, व्हायोलिनइतके यश तेथे आले नाही. १८१८ मध्ये ती व्हेनिसमध्ये वारली. ओस्पेदालेच्या शिक्षणाने स्त्रीला काय बनवता येते आणि भिंत नसती तर ती कुठवर जाते, याचे इतके ठसठशीत उदाहरण दुसरे नाही.

हाच बर्नी १७७० च्या दौऱ्यात मेंदिकांतीत मुलींना हॉर्नसुद्धा वाजवताना पाहून चकित झाला होता. नेपल्समध्येही त्याने चार जुन्या बालकाश्रमांपैकी उरलेल्या तिघांना भेट दिली. ते मुलग्यांचे होते, आणि त्यांना ‘कोन्सेर्व्हातोरिओ’ म्हणत, म्हणजे जेथे निराधार बालके सांभाळली, जपली जातात ती जागा. आज जगभरच्या संगीतविद्यालयांना कॉन्झर्व्हेटरी म्हणतात तो शब्द या आश्रमांतून आलेला आहे. नेपल्सची हकिगत स्वतंत्र धाग्याची आहे. बर्नी मायदेशी परतल्यावर १७७४ मध्ये त्याने आणि व्हायोलिनवादक जार्दीनीने लंडनच्या अनाथालयात अशीच संगीतशाळा काढण्याची योजना मांडली. ती आधी मंजूर झाली आणि थोड्याच दिवसांत गुंडाळली गेली. टाकून दिलेल्या मुलांनी मोलमजुरी आणि चाकरी शिकावी, संगीत कशाला, असा सूर निघाला होता.

व्हेनिसमध्येही तेव्हा उतरती कळा लागली होती. १७७० च्या दशकात इंकुराबिली दिवाळखोरीत गेली. १७९७ च्या मे महिन्यात नेपोलियनपुढे व्हेनिसचे प्रजासत्ताक कोसळले, आणि सरदार कारभारी, देणग्या, खुर्च्यांचे भाडे ही सगळी व्यवस्था त्याच्याबरोबर ढासळली. दोनच वर्षांपूर्वी, १७९५ मध्ये, पॅरिसमध्ये राज्यक्रांतीच्या सरकारने काँझर्व्हात्वार स्थापन केले होते. संगीतशिक्षणाचे पुढचे शतक त्या नमुन्यावर चालले : सरकारी खर्च, वर्ग, परीक्षा, पारितोषिके.

विवाल्दीने त्याआधी बऱ्याच वर्षांपूर्वी, १७४० मध्ये, शिल्लक रचना पिएताला विकून व्हिएन्नाचा रस्ता धरला होता. पुढच्या उन्हाळ्यात तो तेथे निर्धन अवस्थेत वारला. त्यानंतर दीडशेहून अधिक वर्षे तो जवळजवळ विस्मृतीत होता. १९२६ मध्ये इटलीतील पिएमाँत प्रांतात एका मठाने विकायला काढलेल्या ग्रंथांत त्याच्या हस्तलिखितांचे गठ्ठे सापडले. आज ती तूरीनच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत. त्या शोधानंतर विवाल्दी पुन्हा वाजू लागला. पिएताच्या मुलींची नावे मात्र त्याच्याही नंतर, दप्तरे चाळणाऱ्या अभ्यासकांच्या चिकाटीने उजेडात आली.

आज व्हेनिसला गेलेले प्रवासी रीवा देल्यी स्क्याव्होनीवरील पिएताच्या देवळात तिकीट काढून विवाल्दीचे ‘चार ऋतू’ ऐकतात. ते देऊळ विवाल्दीने पाहिलेले नाही. त्याची पूर्तता त्याच्या मृत्यूनंतर जवळजवळ वीस वर्षांनी झाली. अन्ना मारिया तेव्हा साठीच्या पुढची होती आणि अजून तेथेच राहत होती. नव्या देवळाच्या भिंतींतही वृंदासाठी सज्जे बांधलेले आहेत. त्यांच्या लोखंडी जाळ्या अजून जागच्या जागी आहेत.